ढगाळ दिवशी अतिनील किरण जमिनीपर्यंत किती पोचतात?

लातूर जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. स्वातंत्र्यदिनाच्या कवायतीची तालीम ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सलग दोन दिवस, सकाळी साडेदहा ते दुपारी दीड, शाळेच्या मैदानावर झाली. दोन्ही दिवस आभाळ होते, वारा होता आणि घामही फारसा आला नाही. तरीही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा चेहरा आणि कोपरापुढचे हात लाल होऊन चुरचुरू लागले आणि वर्षभर औषध लावून फिका झालेला गालांवरचा वांग आठवड्याभरात पुन्हा गडद झाला. ऊन नव्हते तर हे कशाने झाले, ढग अतिनील किरण अडवतात की नाही, आणि ‘ढगात उन्हापेक्षा जास्त लागते’ असे सहकारी म्हणतात त्यात तथ्य किती, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, मी लातुरात त्वचारोगांची प्रॅक्टिस करतो त्याला अठ्ठावीस वर्षे झाली आणि तुमच्यासारखी तक्रार घेऊन येणारे रुग्ण मी दर श्रावणात पाहतो. आधी थेट उत्तर देतो. ढग अतिनील किरण अडवतात, पण आपण समजतो त्यापेक्षा बरेच कमी अडवतात, आणि उष्णता जितकी अडवतात तितके तर मुळीच नाही. आपले शरीर उन्हाचा अंदाज अंगाला लागणाऱ्या चटक्यावरून आणि डोळ्यांना जाणवणाऱ्या लख्खपणावरून घेते; अतिनील किरण या दोन्ही मार्गांनी जाणवत नाहीत. म्हणून आभाळ आले की हा अंदाज चुकतो आणि माणूस एरवी जेथे वीस मिनिटेही थांबला नसता तेथे तीन तास उभा राहतो. सहकाऱ्यांचे म्हणणे एका विशिष्ट प्रकारच्या आभाळाबद्दल आणि काही मिनिटांपुरते खरे आहे. पूर्ण दिवसाच्या हिशेबात ते खरे नाही.

हे असे का होते ते नीट समजले तर पुढची काळजी कुणी सांगावी लागत नाही, म्हणून थोडे खोलात जातो.

सूर्याच्या अतिनील किरणांचे तरंगलांबीनुसार तीन गट पाडतात. १०० ते २८० नॅनोमीटरचे सी गटातील किरण वातावरणातील प्राणवायू आणि ओझोन पूर्णपणे शोषून घेतात. २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या बी गटातील बहुतेक किरण ओझोनच्या थरात अडतात, पण उरलेले थोडे खाली येतात आणि त्वचा भाजण्याचे मुख्य काम तेच करतात. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे ए गटातील किरण मात्र जवळपास विनाअडथळा येतात. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के याच गटातील असतात, त्वचेत खोलवर जातात आणि वांगासारख्या काळसर डागांना खतपाणी घालतात. ओझोनचा हा थर साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर आहे, तर आपल्या डोक्यावरून जाणारे ढग त्याच्या खूप खाली असतात. म्हणजे ढगांपर्यंत येणारे अतिनील किरण ओझोनच्या चाळणीतून आधीच गाळून आलेले असतात, आणि ढगाला पुढे काय करता येते एवढाच प्रश्न उरतो.

ढगातील पाण्याच्या थेंबाचा व्यास साधारण १० ते २० मायक्रोमीटर असतो. अतिनील किरणांची तरंगलांबी याच्या कित्येक पटींनी लहान, म्हणजे एका मायक्रोमीटरच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकी असते. असा थेंब किरणाला गिळत नाही. त्याची दिशा बदलून दुसऱ्या थेंबाकडे पाठवतो, तो तिसऱ्याकडे, आणि अशा असंख्य टप्प्यांनंतर काही किरण ढगाच्या माथ्यातून परत वर जातात आणि उरलेले पोटातून खाली झिरपतात. विमानातून पावसाळी ढग पाहिला तर त्याचा माथा डोळे दिपावेत इतका पांढरा दिसतो आणि त्याच ढगाचे पोट खालून काळे दिसते, ते याच कारणाने. अवरक्त किरणांची, म्हणजे सूर्याच्या ज्या भागातून आपल्याला मोठी उष्णता मिळते त्यांची, गोष्ट वेगळी आहे. पाणी त्यांतील बराच भाग शोषून घेते. ढगाखाली गार वाटते त्याचे एक कारण हे. अतिनील किरणांना पाणी जवळजवळ पारदर्शक आहे. स्वच्छ पाण्यात अर्धा मीटर खोलीवरही पृष्ठभागावरच्या सुमारे ४० टक्के अतिनील किरण असतात असे जागतिक आरोग्य संघटनेची माहितीपुस्तिका सांगते. जे किरण अर्धा मीटर पाण्यातून पार होतात त्यांना बारीक थेंबांचा विरळ ढग रोखील अशी अपेक्षा करणेच चूक आहे.

दुसरे कारण मला याहून महत्त्वाचे वाटते आणि ते फारसे कुणी सांगत नाही. हवेतील रेणू लहान तरंगलांबीचा प्रकाश मोठ्या तरंगलांबीच्या प्रकाशापेक्षा कितीतरी अधिक विखुरतात. आभाळ निळे दिसते ते याच नियमाने. हे विखुरणे तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून ५५० नॅनोमीटरच्या हिरवट प्रकाशाच्या तुलनेत ३१० नॅनोमीटरचा अतिनील किरण सुमारे दहापट विखुरतो. याचा परिणाम असा की निरभ्र दुपारीही आपल्या अंगावर पडणाऱ्या बी गटातील किरणांपैकी जवळपास निम्मे किरण सूर्याच्या बिंबाकडून सरळ न येता सगळ्या आभाळातून येत असतात. एखादा ढग सूर्यासमोर आला की आपल्याला ‘सावली आली’ असे वाटते. प्रत्यक्षात त्याने फक्त बिंबाकडून येणारी वाट अडवलेली असते, आणि तीही पूर्ण नाही. बाजूचे निळे आभाळ आपले काम करतच असते. तुमच्या मैदानावर नेमके हेच घडले असणार.

आता किती, याचा हिशेब. अमेरिकेची हवामान सेवा आपल्या अंदाजांसाठी जे ठोकताळे वापरते त्यांनुसार निरभ्र आभाळातून येणारे अतिनील किरण शंभर धरले, तर तुरळक विखुरलेल्या ढगांत ८९ टक्के खाली पोचतात, बरेचसे झाकलेल्या पण मधूनमधून फटी असलेल्या आभाळात ७३ टक्के, आणि पूर्ण झाकोळलेल्या आभाळात ३१ टक्के. हे सरासरीचे आकडे आहेत. उंचावरच्या, पिंजलेल्या कापसासारख्या पातळ ढगांतून याहूनही जास्त, जवळजवळ सगळेच किरण येतात. उलट विजांसह येणारा, कित्येक किलोमीटर उंचीचा काळा ढग डोक्यावर असेल तर अगदी थोडा अंश खाली उतरतो. अशा ढगात किरणांचा आतला प्रवास इतका लांबतो की वाटेतला थोडाफार ओझोनही बी गटातील किरणांना आणखी खातो. पण तसा ढग डोक्यावर असताना कोणी कवायत घेत नाही.

हे टक्के कशाचे, हे पाहिल्याशिवाय त्यांना अर्थ येत नाही, आणि मराठवाड्यासाठी कळीचा मुद्दा तोच आहे. अतिनील निर्देशांक, जो मोबाइलवर यूव्ही इंडेक्स म्हणून दिसतो, हे मोजमाप कॅनडाने १९९२ मध्ये सुरू केले आणि पुढे जागतिक आरोग्य संघटना व जागतिक हवामान संघटना यांनी त्याचे प्रमाणीकरण केले. त्वचा भाजण्याच्या क्षमतेनुसार वजन दिलेल्या किरणांचे दर चौरस मीटरला २५ मिलीवॉट म्हणजे एक अंक. ३ आणि त्यापुढे संरक्षण घ्यावे, ८ ते १० म्हणजे फार तीव्र, ११ आणि पुढे म्हणजे अतितीव्र, अशी त्याची वर्गवारी आहे. मराठवाडा साडेसतरा ते साडेवीस उत्तर अक्षांशांच्या दरम्यान येतो. येथे वर्षातून दोन दिवस सूर्य भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. लातुरात पहिला शून्य सावली दिवस मेच्या मध्याच्या सुमारास येतो. तो शाळांतून मुलांना दाखवतात. दुसरा जुलैच्या अगदी अखेरीस येतो आणि ढगांमुळे सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही. आपण ज्याला पावसाळा म्हणून सौम्य समजतो त्या जुलै-ऑगस्टमध्ये आपला सूर्य मे महिन्याइतकाच उंच असतो. निरभ्र आभाळात या दिवसांत माध्यान्हीचा निर्देशांक ११ च्या पुढे सहज जातो.

समजा तो १२ धरला. तुरळक ढगांत तो साधारण साडेदहा राहील, फटी असलेल्या आभाळात पावणेनऊ, आणि पूर्ण मळभातसुद्धा पावणेचारच्या आसपास. म्हणजे सूर्य दिसत नसतानाही, सरासरी मळभात, संरक्षण घ्यावे असे सांगणाऱ्या ३ या सीमेच्या तो वरच आहे. डिसेंबरमध्ये आपल्याकडे माध्यान्हीचा सूर्य ४८ अंशांच्या आसपासच चढतो आणि निरभ्र दिवशी निर्देशांक ६ ते ७ असतो. त्या दिवसांत पूर्ण मळभ आले तर तो २ च्या जवळ उतरतो आणि खरोखर निर्धास्त राहता येते. ढग तोच, टक्केवारी तीच, पण खाली उरणारी रक्कम सूर्याच्या उंचीवर ठरते. म्हणून ‘ढग आहेत का’ हा प्रश्न मी दुसरा मानतो; पहिला प्रश्न ‘ढगामागे सूर्य कुठे आहे’ हा.

त्यात आपल्या पावसाळ्याचा स्वभाव आणखी भर घालतो. मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. कोकणात जुलैमध्ये आठवडाभर दाट, काळे आभाळ उतरून राहते तसे येथे क्वचितच होते. येथे झड लागते, पण तिचे दिवस मोजके. बाकी बरेच दिवस पांढऱ्या कापसाच्या ढिगांसारखे सुटे ढग पश्चिमेकडून येतात, शेतकरी मान वर करून पाहतो आणि ते न बरसता पुढे निघून जातात. पावसाचा खंड पडला की हे पंधरा-पंधरा दिवस चालते. अतिनील किरणांच्या दृष्टीने हेच सर्वांत फसवे आभाळ आहे. मेमध्ये हवेत धूळ असते आणि ती काही किरण शोषते. जुलैत दोन सरी पडून गेल्या की हवा धुऊन निघते, आणि ढगांच्या फटीतून येणारा किरण मेच्या धुळकट दुपारपेक्षा कमी राहतोच असे नाही.

सहकाऱ्यांच्या म्हणण्यातला खरा भाग येथे येतो. सुटे ढग असताना सूर्याचे बिंब एखाद्या फटीत पूर्ण मोकळे आले आणि भोवताली उंच, पांढऱ्या कडांचे ढग असले, तर सूर्याचा सरळ किरण पूर्ण मिळतोच, शिवाय त्या कडांवरून विखुरलेले किरणही आपल्याकडे येतात. अशा वेळी काही मिनिटे जमिनीवरचे अतिनील किरण निरभ्र दिवसापेक्षाही जास्त होतात. ही वाढ २५ टक्क्यांपर्यंत गेल्याचे मोजमापांत दिसले आहे. ज्यांच्या गच्चीवर सौर पॅनेल आहे त्यांनी हा प्रकार वेगळ्या रूपात पाहिला असेल: सुट्या ढगांच्या दिवशी वीजनिर्मितीचा आकडा मध्येच नेहमीच्या कमाल आकड्याच्या वर उसळतो आणि पुढच्या क्षणी ढग आला की कोसळतो. पण ढग सरकतात आणि त्या मिनिटांची भरपाई पुढच्या सावलीत होते, म्हणून पूर्ण दिवसाची बेरीज निरभ्र दिवसापेक्षा कमीच भरते. ढगात जास्त ‘लागते’ असा जो अनुभव येतो, त्यात या उसळीपेक्षा आपण जास्त वेळ उघड्यावर थांबतो याचा वाटा मला मोठा वाटतो. त्वचेला मिळणारी मात्रा म्हणजे तीव्रता गुणिले वेळ. निर्देशांक ९ असताना तीन तास उभे राहणे हे १२ असताना सव्वादोन तास उभे राहण्याइतके आहे. फरक इतकाच की कडक उन्हात सव्वादोन तास कुणी मुलांना उभे करणार नाही. शिवाय त्वचेची लाली तीन ते सहा तासांनी दिसू लागते आणि बारा ते चोवीस तासांत सर्वाधिक होते. मैदानावर असताना काहीच जाणवत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीही माणूस तसाच जातो.

येथे माझीही एक चूक सांगणे मी कर्तव्य समजतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मी वांगाच्या रुग्णांना ‘मृग निघाला की सनस्क्रीन थांबवले तरी चालेल’ असे सांगत असे. क्रीमचा खर्च वाचावा हाच हेतू होता. त्या बायका पोळ्याच्या सुमारास परत येत, आणि उन्हाळाभर सांभाळलेला वांग पुन्हा पूर्ववत झालेला असे. औषधच लागू पडत नाही असे समजून मी औषधे बदलत राहिलो. नंतर त्यांच्या दिवसाची चौकशी करू लागलो तेव्हा कळले की त्या आषाढ-श्रावणात रोज सहा-सात तास सोयाबीनच्या खुरपणीला होत्या, आणि उन्हाळ्यात डोक्या-तोंडावर घेतला जाणारा पदर आभाळ आले म्हणून मागे गेला होता. वांगाला ए गटातील किरण आणि नुसता दृश्य प्रकाशही पुरतो. ढगांतून हे दोन्ही भरपूर येतात. तेव्हापासून पावसाळ्यात संरक्षण थांबवायला मी कोणालाही सांगितलेले नाही.

मात्र पावसाळ्यात चेहऱ्यावर आणि हातांवर उठणारे सगळेच अतिनील किरणांचे नसते, आणि आपल्या भागात हा फरक ओळखणे फार गरजेचे आहे. याच दिवसांत बांधावर आणि शाळेच्या कुंपणाशी गाजरगवत माजते. त्याचे सूक्ष्म कण हवेतून अंगावर बसून जी खाज आणि पुरळ येते ती उघड्या भागावरच येते, म्हणून उन्हाची वाटते. प्रकाशाने होणारे पुरळ वरच्या पापण्या, कानांमागची जागा आणि हनुवटीखालचा भाग बहुधा सोडून देते, कारण तेथे नैसर्गिक सावली असते. हवेतून येणारे गाजरगवताचे कण या जागाही सोडत नाहीत. तुमची लाली या सावलीच्या जागांवर नव्हती असे तुम्ही लिहिले आहे, त्यामुळे माझा कल किरणांकडेच आहे. आणखी एक गोष्ट तपासावी: त्या आठवड्यात तापासाठी डॉक्सिसायक्लिन किंवा रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड चालू होते का? या औषधांमुळे त्वचा प्रकाशाला हळवी होते आणि ए गटातील किरणही भाजू शकतात. असे औषध चालू असेल तर ते स्वतःहून बंद करू नये, देणाऱ्या डॉक्टरांना विचारावे.

त्वचेच्या कर्करोगाची भीती मी येथे घालणार नाही. आपल्या सावळ्या त्वचेत त्याचे प्रमाण गोऱ्या वर्णाच्या लोकांपेक्षा खूप कमी आहे. डोळ्यांची काळजी मात्र मला जास्त वाटते. मळभात डोळे मिचकावे लागत नाहीत, बाहुली मोठी राहते, गॉगल घरी राहतो, आणि किरण तर सगळ्या आभाळातून, बाजूंनीही येत असतात. सूर्य डोक्यावर असताना भुवया आणि कपाळ सरळ किरणांपासून डोळ्यांना वाचवतात, पण बाजूच्या आभाळापासून वाचवत नाहीत. वर्षानुवर्षे उघड्यावर काम करणाऱ्यांत मोतीबिंदू आणि बुबुळाकडे सरकणारे मांस जास्त आढळते त्यात या किरणांचा हात असतो. रुंद काठाची टोपी आणि बाजूंनी झाकणारा चष्मा ढगाळ दिवशीही वापरावा.

संरक्षणात मी कापडाला क्रीमच्या आधी स्थान देतो. आपल्याकडे शेतात जाणाऱ्या बाया साडीवर पुरुषी, लांब बाह्यांचा सदरा घालतात. त्याहून चांगला आणि स्वस्त उपाय मला माहीत नाही. कापड घट्ट विणीचे आणि गडद असावे. पावसाळ्यातील एक अडचण लक्षात ठेवावी: पातळ सुती कापड ओले झाले की त्यातून अतिनील किरण कोरड्यापेक्षा जास्त आत येतात, म्हणून भिजलेला पातळ पदर तोंडावर ओढून पूर्ण संरक्षण मिळत नाही. सनस्क्रीन लावायचे तर एसपीएफ ३० किंवा ५० आणि पीए (म्हणजे ए गटातील किरणांपासूनच्या संरक्षणाचे) मानांकन असलेले घ्यावे, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतके लावावे, आणि दोन तासांनी किंवा पावसाने चेहरा धुतला गेला की पुन्हा लावावे. वांगासाठी त्वचेच्या रंगाची, लोहाची ऑक्साइड असलेली क्रीम अधिक उपयोगी पडते, कारण ती दृश्य प्रकाशही अडवते. कापडी मांडवाची किंवा एकट्या झाडाची सावली अर्धवटच संरक्षण देते, कारण बाजूचे आभाळ उघडे राहते. मैदानाच्या कडेला दाट कडुलिंबाची रांग असेल तर मुलांना विश्रांतीसाठी तिच्या आत, खोडांजवळ बसवावे.

मोबाइलवरील अंदाजाबद्दलही सांगतो. काही अॅप निरभ्र आभाळ धरून आकडा देतात, काही ढगांचा हिशेब करून देतात, आणि सुट्या ढगांचा अंदाज कोणालाच मिनिटागणिक देता येत नाही. जून ते सप्टेंबरपर्यंत मी निरभ्र आभाळाचा आकडाच खरा धरून चालतो. सावलीची खूणही उपयोगी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर किरण तीव्र आहेत असे समजावे. मळभात सावली पडत नाही, तेव्हा घड्याळ वापरावे. भारतीय प्रमाणवेळ आपल्या पूर्वेकडील ८२.५ अंश रेखांशाची असल्यामुळे लातूर, धाराशिव, बीड, छत्रपती संभाजीनगर या भागांत सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या सुमारास, बारा वाजता नाही. ‘दहा ते दोन टाळा’ हा नियम म्हणूनच आपल्याकडे साडेदहा ते अडीच असा वाचावा. तुमची तालीम यातील पहिले तीन तास व्यापत होती.

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात लातुरात सकाळी साडेआठच्या आधी सूर्य ३३ अंशांच्या खाली असतो, सावली उंचीच्या दीडपट किंवा त्याहून लांब पडते, आणि निर्देशांक निरभ्र आभाळातही ३ च्या आसपास किंवा खाली राहतो. पुढच्या वर्षी कवायतीची तालीम परिपाठाच्या आधी, साडेसात ते साडेआठ अशी घ्यावी, हे मुख्याध्यापकांना सुचवावे. तोपर्यंत वांगासाठी पूर्वीचे औषध स्वतःहून पुन्हा सुरू करू नका; लाली पूर्ण ओसरू द्या, दोन आठवडे केवळ सौम्य मलम आणि सनस्क्रीन वापरा, आणि मग तुमच्या डॉक्टरांना चेहरा दाखवून पुढचे ठरवा.